ढिगावर बर्फ टिकत नाही

हौकिसाल्मी सगळं पांढरं. छपरं, सरपणाच्या चळती,
तळ्याकाठी पालथ्या घातलेल्या होड्या.
फक्त बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या आवारात
तीन लांबट ढीग, काळे,
पहाटे जरा जास्तच वाफाळतात,
आत कुणी पांघरूण घेऊन झोपल्यासारखे.

माझं काम सोपं. थर्मामीटरची सळई
हातभर खोल खुपसायची, आकडा वहीत लिहायचा.
बाहेर उणे सहा. आत एकवीस.
ओल ठीक. वास: पाइनच्या साली, कुजका पेंढा,
आणि त्याच्या खाली, अजून, तोच.

तोच, बाबा, तुझ्या कोटाचा.
आई तो घरात येऊ द्यायची नाही,
सौनाबाहेरच्या खुंटीवर असायचा,
नाताळातसुद्धा.

ओल्या फळ्यांवर निळी बुरशी चढायची
आणि निळ्या फळीला परदेशी गिऱ्हाईक हात लावायचं नाही.
म्हणून हौद. हौदात औषध.
औषधच म्हणायचात तुम्ही सगळे.
साखळीनं गठ्ठा खाली, दहापर्यंत मोजायचं, वर.
मग ठिबकत ठिबकत वाळवणाच्या शेडकडे.
ठिबकलेलं कोण मोजतो?
वाळू प्यायली ते. तीस वर्षं, मुकाट.
तुझ्या मनगटांवर फोड यायचे
आणि तू म्हणायचास, फळी बघ, लोण्यासारखी.

होतीच लोण्यासारखी. खोटं कशाला बोलू.

शहरातून पिन्या आली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
माझ्या धाकटीच्या वयाची.
म्हणाली, बाहेरून काही आणायला नको,
खाणारे इथेच आहेत मातीत,
थंडीनं आखडलेत, हवेवाचून गुदमरलेत.
साल घाला, पेंढा घाला, उलथत राहा.
आणि जुन्या ढिगातली दोन-चार घमेली
नव्यात मिसळा.

मी म्हटलं, म्हणजे विरजण.
ती थांबली. हो, म्हणाली, तसंच.

आईनं राईच्या पावाची लाकडी काथवट
जन्मात कधी घासली नाही.
तळाशी खरवड सुकू द्यायची,
मागचा पाव पुढच्याला शिकवायचा.
लग्नात मला तीच मिळाली. दागिना नाही,
खरवड.

तर ज्यांना मारायला तो हौद होता
त्यांचीच भावकी आता आत राबते आहे.
मला वाटायचं सूड असेल.
सूडबीड नाही. भूक आहे नुसती.
तुझ्या औषधाची एकेक गाठ सोडवतात,
क्लोरीन बाजूला काढतात काट्यासारखा,
मासा खाताना तू काढायचास तसा,
घाई न करता, ताटाच्या कडेला.
मागे उरतं थोडं मीठ, थोडं पाणी,
आणि ही वाफ.

सगळंच नाही संपत. पिन्या लपवत नाही.
काही असं आहे की त्यांच्याही दाताखाली येत नाही,
ते जाईल झाकून, दूर, कुठल्या तरी भट्टीकडे.
मी विचारलं, किती वर्षं?
तिनं खांदे उडवले आणि घमेलं उचललं.
मला आवडलं ते.

तार्मो यंत्रानं ढीग उलथतो तेव्हा
गावातली म्हातारी माणसं कुंपणाशी येऊन उभी राहतात.
कुणी बोलत नाही. हौदावर काम केलेले
आता तिघेच आहेत. एकजण काठीनं
बर्फात काहीतरी गिरवतो, पुसतो.

परवा संध्याकाळी मी खुंटीवरून कोट काढला.
इतका हलका असेल वाटलं नव्हतं.
पिन्याला विचारलं नाही. नको म्हणाली असती,
आणि तिचं बरोबर असतं.
तिसऱ्या ढिगात, कोपरापर्यंत हात घालून, ठेवला.
लोकरच आहे, बाबा. बटणं शिंगाची,
ती मात्र काढून घेतली, पाच. एक कधीच तुटलं होतं.

आज सकाळी: बाहेर उणे नऊ.
रात्रभर बर्फ पडून गेलेला.
ढीग एक, एकवीस. ढीग दोन, वीस.
ढीग तीन, तेवीस.
वहीत शेवटी एक रकाना असतो, कारणाचा.
पेन्सिल ओठांशी धरून जरा वेळ उभी राहिले,
मग पान उलटलं.